बालगृहातली मुलं, त्यांची धास्ती आणि चित्रांचा तास

प्रश्न असा आला आहे: "मी ३१ वर्षं कलाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. जवळच्या बालगृहात दर शनिवारी सकाळी जातो. ६ ते १४ वयाची २४ मुलं आहेत, बहुतेक अनाथ. काही नखं कुरतडतात, तिघं-चौघं रात्री अंथरूण ओलं करतात, एक मुलगी संध्याकाळ झाली की फाटकाकडे बघत बसते. चित्रांतून मुलांची भीती कमी करता येते असं वाचलं. कोणत्या रंगाचा काय अर्थ घ्यायचा, काय काढायला द्यायचं आणि किती दिवसांत फरक दिसेल?"

सर, ती फाटकाकडे बघत बसणारी मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्याकडे शेवटी येते. आधी रंगांचं, कारण तिथे भल्याभल्यांचा पाय घसरतो आणि माझाही घसरला होता.

बालगृहातल्या मुलांसोबत चित्रांच्या या कामाला लागून मला वर्षही झालं नव्हतं. आठ वर्षांचा एक मुलगा सलग तीन आठवडे सगळं काळ्या रंगात काढत होता. काळं आभाळ, काळी गाय, काळं झाड. मी वहीत पानभर लिहून ठेवलं, दडपलेलं दुःख वगैरे. चौथ्या आठवड्यात शेजारचा चिमुरडा म्हणाला, "ताई, मोठी पोरं आधी खडू घेतात, ह्याला काळाच उरतो." पुढच्या वेळी प्रत्येकाला स्वतंत्र पेटी दिली. गाय हिरवी झाली. तेव्हापासून लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य असले तक्ते दिसले की मी पान उलटते. घर, झाड, माणूस काढून घ्यायच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ वापरतात, पण तेही नुसत्या चित्रावरून निदान करत नाहीत. मुलाचा इतिहास, बोलणं, वागणं सोबत धरतात. आपण शनिवारच्या तासात त्या वाटेला जायचंच नाही.

मग चित्राचा उपयोग काय? एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नऊ वर्षांची एक मुलगी प्रत्येक चित्रात दार काढायची आणि दाराला कडी. घराला कडी, एसटीला कडी, एकदा तर झाडाच्या ढोलीलाही कडी. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. अधीक्षकांच्या कानावर घातलं, हिच्याकडे जरा लक्ष असू द्या म्हटलं, पण तिला काही विचारलं नाही. शेजारी बसून इतकंच म्हणायची, "आज कडी मोठी काढलीस." सातव्या की आठव्या आठवड्यात हातातला खडू न थांबवता ती म्हणाली, "आमच्या खोलीची लागत नाही." मुलींच्या झोपायच्या खोलीची आतली कडी मोडली होती. रात्री वाऱ्याने दार आपटायचं आणि हिचं अंथरूण नेमकं दारापाशी. सुतार आला, कडी बसली, अंथरूण भिंतीकडे सरकलं. पंधरा दिवसांत ती रात्रभर झोपायला लागली. याला कला-उपचार म्हणायचं की सुतारकाम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण चित्र नसतं तर ती कडी कुणाच्या नजरेस पडली नसती, आणि मी अर्थ लावून प्रश्नांची सरबत्ती केली असती तर तिने तोंड मिटून घेतलं असतं.

आता या मुलांच्या धास्तीबद्दल. ती परीक्षेच्या भीतीसारखी नसते. माणूस जातो आणि परत येत नाही, हे या मुलांनी एकदा नाही, चार-पाचदा भोगलेलं असतं. आधी आई-वडील, मग आजी, मग नोकरी सोडून गेलेली, बालगृहात सांभाळणारी लाडकी मावशी, मग सुट्टीपुरते आलेले कॉलेजचे दादा-ताई. त्यामुळे शरीर सतत जागं राहतं. "पोटात दुखतंय" ही तक्रार रोजचीच. उशीखाली बिस्किटं दडवलेली. फाटक वाजलं की सगळ्या माना एकदम वळतात. काही मुलं याच्या उलट वागतात, पहिल्याच भेटीत मांडीवर येऊन बसतात. पाहुणे हरखतात, "किती प्रेमळ!" ते प्रेम नसतं, सर. कुणीही चालेल, पण कुणीतरी असू दे, अशी ती तगमग असते.

रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बाळांचा एक अभ्यास २००० साली सुरू झाला. सुरुवातीला बाळं ६ ते ३१ महिन्यांची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक-कुटुंबांकडे, म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांकडे दिली गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात तपासलं तेव्हा कुटुंबांकडे सोपवलेल्या मुलांत चिंता आणि नैराश्याचे विकार जवळपास निम्मेच आढळले. चित्रांच्या तासाविषयी बोलताना हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण आपला तास कुटुंबाची जागा घेऊ शकत नाही. तुम्ही "बहुतेक अनाथ" लिहिलंय, ते अधीक्षकांकडून एकदा नीट समजून घ्या. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही मूल अनाथच धरलं जातं. म्हणजे कुणाची आजी असते, कुणाचा मामा. ते तयार असतील आणि बाल कल्याण समितीला (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीला) योग्य वाटलं तर राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळून मूल घरी वाढू शकतं. शिवाय मुलांसमोर "तुम्हाला आई-बाबा नाहीत" असं चुकूनही निघायला नको. एखाद्याची आई असते, फक्त इथे नसते.

चित्राने काय होतं, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. बालगृहात घंटा दुसऱ्याची, कपडे देणगीचे, जेवण ठरलेलं, झोपायची वेळ ठरलेली. कागदावर मात्र रेघ कुठे वळवायची हे ते मूल स्वतः ठरवतं. ज्याच्या हातात कधीच काही नव्हतं त्याला हे फार मोठं असतं. दुसरं, हात एका लयीत हलत राहिला की श्वासही उतरतो, हे तुम्ही स्वतः ब्रश धरताना अनुभवलं असेल. अमेरिकेत गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्रं, मातीकाम, कोलाज करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. साधारण तीन चतुर्थांश लोकांचं ते उतरलं. चित्रकला येत असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पण ती मोठी माणसं होती आणि मोजमाप एका बैठकीचं. त्यावरून "चित्र काढलं की चिंता गेली" असं कुणी बालगृहाच्या फलकावर लिहिणार असेल तर तुम्ही अडवा.

काय काढायला द्यायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे माझी सगळ्यांत मोठी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी उत्साहाने थेट बोटांनी रंगवायला दिलं, पातळ रंग, मोठे कागद. मुलं मोकळी होतील अशी कल्पना. एक मुलगा अर्धा तास नळाखाली हात धूत बसला, दुसऱ्याने सगळं उधळलं, आणि दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "काल रात्री सहा गाद्या ओल्या." व्हिजा लुसेब्रिंक आणि सँड्रा केगिन या कला-उपचारकांनी १९७८ मध्येच साधनांची अशी एक मांडणी केली होती, ती मी नंतर शिकले. पेन्सिल, स्केचपेन, तेलखडू, कात्रणं ही हाताच्या ताब्यात राहणारी साधनं. पाण्याचे रंग, पातळ पोस्टर कलर, ओली माती ही वाहणारी, भावना सैल करणारी. जे मूल आधीच आतून सुटत चाललंय त्याला पहिल्या दिवशी वाहता रंग देऊ नये. पहिले पाच-सहा शनिवार खडू, पेन्सिल, रद्दीची कात्रणं आणि खळ, बस्स. कागदही अर्धा. पूर्ण ड्रॉइंग शीट समोर आली की काही मुलं दचकतात. कागदाला आधी चारी बाजूंनी चौकट आखून दिली तर आणखी बरं. कोऱ्या पांढऱ्यापेक्षा कुंपण घातलेलं पांढरं कमी भीती दाखवतं.

तुम्हाला शिक्षक म्हणून एक गोष्ट जड जाईल, ती आत्ताच सांगते. मुलं पहिल्या दिवशी देखावा काढणार. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड, चारच्या आकड्यासारखे पक्षी. ३१ वर्षं तुम्ही हेच पुसायला सांगत आलात. इथे पुसू नका. तो देखावा म्हणजे त्या मुलाचं छप्पर आहे. त्यात चुकायची भीती नाही, कुणी हसणार नाही. महिना-दोन महिने काढू द्या. एक दिवस झोपडीसमोर कुत्रा येईल किंवा नदीत कुणाची तरी चप्पल वाहत येईल, आणि तिथून खरं चित्र सुरू होईल. ही एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी नाही. कुणी एलिमेंटरीला बसणार असेल तर त्याचा वर्ग वेगळ्या वाराला घ्या, दोन्हींची सरमिसळ नको.

"माझं कुटुंब" हा विषय पहिल्या चार महिन्यांत देऊच नका. शाळेत तो निबंध होतो, वंशवृक्षाचा प्रकल्प होतो, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते, तेवढा जाच पुरे. त्याऐवजी पावसात कुठे थांबावंसं वाटतं, एखाद्या प्राण्यासाठी घर कसं बांधशील, तुझ्या खिशात मावेल अशी वस्तू कोणती, असे आडवळणाचे विषय द्या. जे मूल खडूच उचलत नाही त्याच्यासोबत रेघांचा खेळ खेळा. तुम्ही डोळे मिटून एक वाकडी रेघ ओढा, त्याने तिचं काहीतरी करायचं. मग त्याची रेघ, तुम्ही करायचं. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांशी ओळख करून घ्यायला हाच खेळ वापरत. पाच मिनिटांत मूल तुमच्या रेघेचा गाढव करून हसायला लागतं.

मावशींना तासात घ्या, पण पहारा द्यायला नाही, चित्र काढायला. एका ठिकाणच्या मावशी म्हणायच्या, "मला मेलीला काय येतंय, मी रांगोळी घालीन." त्यांनी कागदावर ठिपके मांडले, सात ते चार, आणि सगळी मुलं, मुलगे धरून, त्यांच्याभोवती गोळा झाली. ठिपके मोजायचे, जोडायचे, रंग भरायचे. त्या दिवशीइतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर २००५ मध्ये झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातही मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, किंवा चौकटीची नक्षी रंगवणाऱ्यांची घबराट कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली होती. आपल्याकडे त्यासाठी मंडलांची महागडी पुस्तकं आणायची गरज नाही, ठिपक्यांचा कागद मावशींच्या बोटांत आहे.

माती मात्र नक्की आणा, दोन-तीन महिन्यांनी. गणपतीच्या आधी शाडू सहज मिळते. आपटायला, थापायला, चिमटायला मातीसारखं काही नाही. रागाला ती कागदापेक्षा जास्त सोसते. एका वर्षी सगळ्यांनी छोटे गणपती केले. विसर्जनाच्या दिवशी एक मुलगा बादलीपाशी मूर्ती घट्ट धरून उभा. "पुढच्या वर्षी लवकर या" चाललेलं, आणि हा विचारतोय, "हाच येतो का, दुसरा येतो?" मला उत्तर सुचलं नाही. त्याचा गणपती फळीवर ठेवला. मार्चपर्यंत होता. भेगा पडल्या, सोंड गळाली, मग त्यानेच एका रविवारी तो तुळशीच्या कुंडीत ठेवला आणि वरून पाणी घातलं. घाई कुणी केली नाही, एवढंच आमचं योगदान.

बोलायचं कसं? "छान", "वा" हे शब्द जपून. एकाला छान म्हटलं की शेजारचा स्वतःचं चित्र झाकतो, आणि या मुलांना मोठ्यांना खूश ठेवायची सवय आधीच फार असते. त्यापेक्षा दिसतं ते सांगा: "इथे जोर लावून रेघ ओढलीस", "हा कोपरा मोकळा ठेवलास". "हे काय आहे?" नको, "याच्याबद्दल सांगतोस का?" चालेल, आणि "नाही" आलं तर विषय संपला. "असं का काढलंस?" कधीच नाही. त्यांच्या चित्राला तुमचा खडू लावायचा नाही, हात कितीही शिवशिवला तरी. आणि चोवीसही मुलं एका वेळी घेऊ नका. आठ-आठचे गट करा, नाहीतर तो तास राहत नाही, बाजार होतो.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबते. प्रत्येक मुलाला त्याच्या नावाची फाइल हवी, दोरीची साधी. तास संपताना चित्राच्या मागे नाव आणि तारीख तो स्वतः लिहील, फाइलमध्ये ठेवील, फाइल कपाटात, कपाटाला कुलूप. चित्र फाडायचं असेल तर तेही त्यानेच ठरवायचं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी चेक प्रांतातल्या तेरेझीनच्या ज्यू वस्तीत हजारो मुलं कोंडली होती. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार डिसेंबर १९४२ मध्ये तिथे नेली गेली. जे थोडं सामान सोबत घ्यायची मुभा होती त्यात तिने मुलांसाठी चित्रांचं साहित्य भरलं. ती मुलांना चित्रांवर नाव घालायला लावायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला पाठवून मारण्यात आलं. तिच्यामागे दोन सुटकेसमध्ये साडेचार हजारांच्या आसपास चित्रं राहिली, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. तिचीच विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर पुढे न्यू यॉर्कमध्ये मुलांसोबतच्या कला-उपचाराची एक आद्य प्रवर्तक ठरली. तेरेझीनमधली बहुतेक मुलं वाचली नाहीत. पण अमुक चित्र अमुक मुलाचं, हे आज सांगता येतं ते त्या नावांमुळे. आपल्या मुलांची परिस्थिती तशी नाही, देवाची कृपा. तरी ज्या मुलाकडे लहानपणचा एक फोटोही नाही, त्याच्यासाठी ही फाइल हाच अल्बम असतो. मूल दत्तक गेलं, दुसऱ्या संस्थेत गेलं, अठरा पूर्ण होऊन बाहेर पडलं, तर फाइल त्याच्यासोबत जायला हवी. हे अधीक्षकांकडून आजच कबूल करून घ्या.

म्हणूनच देणगीदारांसाठी त्या चित्रांची शुभेच्छापत्रं छापणं मला पटत नाही. विक्रीसाठी पणत्या रंगवायच्या असतील तर खुशाल रंगवा, तो उद्योग वेगळा, तास वेगळा. मुलांचे चेहरे, नावं, चित्रांसोबतची त्यांची कहाणी समाजमाध्यमांवर टाकायची नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करण्याला मनाई करतं, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

एखादं मूल चित्र काढता काढता कुणी केलेल्या वाईट स्पर्शाबद्दल बोललं, तर खोदून विचारू नका, धक्का चेहऱ्यावर दाखवू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. बाल कल्याण समितीलाही कळवा. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर मदत मिळते. ज्याच्यावर बोट आहे तो संस्थेतलाच असेल तर संस्थेच्या परवानगीची वाट बघायची नाही.

किती दिवसांत फरक? चित्रं सुंदर झाली की नाही यावरून तो मोजू नका. मावशींसोबत एक वही ठेवा: अंथरूण किती रात्री ओलं, झोप कशी, पोटदुखी किती वेळा, नखं. मी तीन महिन्यांच्या आत काही बोलत नाही. पहिल्या महिन्यात कधी कधी बिघडतंही, कारण मूल तुम्हाला पारखत असतं, हा टिकतो का बघू. दिवाळी आणि मे महिना खराब जातात, ज्यांना कुणी न्यायला येतं ती मुलं जातात आणि उरलेली उरतात. त्या सुट्ट्यांत तास बंद ठेवू नका, उलट वाढवा. अंथरूण ओलं करणाऱ्यांना आधी डॉक्टरांना दाखवा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा जंत निघाले तर चित्रांनी काय होणार! आणि एखादं मूल तोच भयानक प्रसंग पुन्हा पुन्हा काढतंय, काढून झाल्यावर जास्तच बिथरतंय, खाणं सोडलंय, स्वतःला इजा करतंय, तर तो तुमचा-माझा तास नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं.

आता ती मुलगी. सकाळऐवजी तुमचा तास संध्याकाळी पाच ते सहा करता येईल का बघा, म्हणजे निदान शनिवारची दिवेलागण तिला एकटीने काढावी लागणार नाही. तिला फाटकापासून उठवू नका. तिथेच पाटी आणि खडू घेऊन शेजारी बसा, तुम्ही तुमचं काहीतरी काढा. तिला फाटक काढायचं असेल तर काढू दे. आणि तिच्यासाठी पुठ्ठ्यावर महिन्याचं कॅलेंडर आखा, मोठे चौकोन. रोज झोपण्याआधी तिने एक चौकोन रंगवायचा, मावशींनी सोबत बसायचं. शनिवारच्या चौकोनांचा रंग तिने निवडायचा, ते तुमचे. भाचीच्या लग्नाला जायचं असेल, डोळ्याचं ऑपरेशन असेल, तर तो शनिवार आदल्या आठवड्यातच तिच्यासमोर बसून खोडा, आणि पुढचा कोणता ते तिलाच बोटाने दाखवायला सांगा.